चार दिवसांनी म्हातारा

थोरल्याचा जन्म २८ डिसेंबर २००३ चा. तेव्हा पुण्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "चार दिवस दम धरला असता तर नव्या वर्षाचं बाळ झालं असतं की हो!" आम्ही हसलो. त्या चार दिवसांचा हिशेब पंधरा वर्षांनी न्यू जर्सीत, एका वेबपानाच्या तळाशी बारीक अक्षरात निघेल असं कोणाच्या डोक्यात येणार?

पुण्यात आमच्या सोसायटीची फर्स्ट लेगो लीगची टीम होती. २०१६ साली पार्किंगमध्ये आठ बाय चारचं प्लायवूड टाकून सुरू केलेली. ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लेगोचे ठोकळे, मोटरी आणि सेन्सर जोडून मुलांनी रोबो बनवायचा, त्याला आज्ञा लिहून द्यायच्या, आणि मग अडीच मिनिटांत टेबलावरची जमतील तेवढी कामं त्याने आपली आपण करायची. रोबो टेबलावर फिरत असताना हात लावला की गुण जातात. सोबत दरवर्षी एक विषय असतो आणि त्यावर मुलांनी प्रोजेक्ट करून परीक्षकांना समजावून सांगायचा असतो. डीन केमन नावाच्या अमेरिकी संशोधकाने १९८९ मध्ये फर्स्ट ही संस्था काढली, आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी लेगो कंपनीला सोबत घेऊन लहान मुलांसाठी ही स्पर्धा सुरू झाली.

आमच्या मुलांनी तीन हंगाम केले. प्राण्यांचा 'अ‍ॅनिमल अलाइज', पाण्याचा 'हायड्रो डायनॅमिक्स' आणि अंतराळाचा 'इन्टू ऑर्बिट'. पाण्याच्या वर्षी प्रोजेक्ट काय, तर गच्चीवरची टाकी ओसंडायला लागली की वॉचमनकाकांच्या खोलीत लाल दिवा लागेल असं यंत्र. मी कोच होते, म्हणजे पोहे करणं, फॉर्म भरणं आणि भांडणं सोडवणं माझ्याकडे. प्रोग्रॅमिंग मला तेव्हाही येत नव्हतं, आजही येत नाही.

जून २०१९ मध्ये नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही न्यू जर्सीला आलो. थोरल्याने लेगोच्या ईव्ही-३ रोबोचा मेंदू, म्हणजे तो राखाडी कंट्रोलर, मोज्यांत गुंडाळून हातातल्या बॅगेत ठेवला होता. बारीक तुकडे चकलीच्या स्टीलच्या डब्यात. मुंबईला विमानतळावर बॅग बाजूला काढली गेली. तपासणाऱ्या बाईंनी डबा उघडला आणि आत पिवळी-काळी दातेरी चक्रं बघून त्यांचा चेहरा पडला. त्यांना चकल्याच हव्या होत्या असं मला अजूनही वाटतं.

इथे आल्यावर पोराला एकच आशा होती. मित्र गेले, क्रिकेट गेलं, सायकलवरून एकट्याने भटकणं गेलं, पण लेगो लीग तर इथलीच! जुलैत मंडळाच्या गणपतीच्या बैठकीत मी विषय काढला आणि तिथल्या तिथे चार घरं तयार झाली. पाच मुलं त्यांची, दोन माझी. धाकटी नुकती नऊची झालेली, तिचा पहिलाच हंगाम. थोरला साहजिकच कॅप्टन.

ऑगस्टमध्ये त्या वर्षीचा विषय जाहीर झाला, 'सिटी शेपर', म्हणजे शहराची रचना. मी नोंदणी करायला बसले. इथे टीमसोबत दोन मोठी माणसं लागतात आणि दोघांचाही बॅकग्राउंड चेक होतो. मुलांमध्ये वावरणारी माणसं कोण आहेत हे आधी तपासून घेतात. मला ते फार आवडलं. तो झाल्यावर मग एकेका मुलाला आत घ्यायचं. पालकाने जन्मतारीख टाकायची आणि संमतीपत्र भरायचं. पुण्यात आम्ही प्रत्येकाचं शाळेचं बोनाफाईड फाइलला लावलं होतं. इथे दाखला वगैरे काही नाही, पालक म्हणतील ती तारीख.

थोरल्याची तारीख टाकण्याआधी, कशी कोण जाणे, मला ती चांदणी दिसली. 'वय ९ ते १४' आणि शेजारी चिमुकली चांदणी. खाली तळटीप होती की वयोगट देशानुसार बदलतो.

आमच्या पुण्याच्या पत्रकावर ९ ते १६ असंच छापलेलं असायचं. तिथेही चांदणी असेल, पण सोळा आकडा आपल्या सोयीचा असल्यावर तळटीप कोण वाचतंय? मग बसून तेव्हाचे नियम वाचले. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको या तीन देशांत कमाल वय १४, बाकी जगात १६. आणि वय मोजायचं ते स्पर्धेच्या दिवशी नाही, तर ज्या वर्षी विषय जाहीर होतो त्या वर्षीच्या १ जानेवारीला. त्या दिवशी मूल चौदाच्या वर असता कामा नये. नंतर वर्षभरात पंधरा पूर्ण झाली तरी चालायचं.

मी बोटं मोजली. १ जानेवारी २०१९ ला थोरला पंधरा वर्षं आणि चार दिवसांचा होता. हाच मुलगा २ जानेवारी २००४ ला जन्मला असता तर त्या दिवशी चौदाचा भरला असता आणि अख्खा हंगाम खेळू शकला असता. पुण्यात राहिला असता तर हा हंगाम आणि पुढचाही. विमानात बसताना माझा मुलगा लेगो लीगच्या हिशेबाने लहान होता आणि नेवार्कला उतरला तो म्हातारा होऊन.

त्याला सांगायचं कसं या विचारात मी दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी त्यानेच विचारलं, "माझं नाव टाकलंस ना?" मी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. त्याने वाचलं, परत वाचलं, आणि म्हणाला, "चार दिवस?" मग उठून खोलीत गेला. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

रात्री नवरा हळूच म्हणाला, "जानेवारी टाक ना. कोण बघतंय?" अशी वाक्यं आमच्या घरात सहसा तो बोलत नाही, त्यावरून मुलाचा चेहरा त्याच्याही किती मनात बसला होता ते कळलं. शनिवारी व्हिडिओ कॉलवर आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, हे सगळं सांगितलं तर ते खो खो हसले. त्यांची स्वतःची कागदोपत्री जन्मतारीख १ जून. त्यांच्या गावच्या शाळेत त्या वर्षी दाखल झालेल्या निम्म्या पोरांची १ जूनच आहे, कारण आईबापांना तारीख सांगता येईना आणि गुरुजींना घाई होती. "आमचे गुरुजी असते तर त्यांनी चार दिवस काय, चार महिने इकडचे तिकडे केले असते," आबा म्हणाले. "सूनबाई, तुमचा तो संगणक गुरुजींपेक्षा कडक दिसतो."

थोरला मागे उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "आबा, तारीख बदलता येईल. पण मग कोअर व्हॅल्यूजच्या खोलीत मी काय बोलू?" या स्पर्धेत तेव्हा परीक्षक एका खोलीत मुलांना बसवून फक्त हेच बघायचे की तुम्ही एकमेकांशी आणि दुसऱ्या टीमशी कसे वागता. पुण्यात दोन वर्षं त्या खोलीत हाच सगळ्यांत जास्त बोलायचा. विषय तिथेच संपला. नवऱ्याने दुसऱ्या दिवशी त्याला उगीचच आइस्क्रीम खायला नेलं.

तरी मी आमच्या भागातल्या आयोजकांना ईमेल लिहिलाच. दुसऱ्या देशातून आलाय, तिथे वयात बसत होता, काही सूट आहे का? दोन दिवसांत साधं, सभ्य उत्तर आलं. सूट नाही, ज्या देशात खेळायचं त्या देशाचा नियम. पण तो मेंटर म्हणून टीमबरोबर राहू शकतो, आणि त्याच्या वयासाठी पुढच्या पायऱ्या आहेत, त्या जरूर बघा.

त्या पायऱ्या बघितल्यावर चौदाचं गणित मला थोडं उमगलं. इथे सातवीपासून फर्स्ट टेक चॅलेंज असते. अठरा इंचांच्या घनात मावणारा धातूचा रोबो, आणि समोरच्याशी लढताना दुसऱ्या एका टीमशी युती. नववीपासून फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन, तिचा रोबो पन्नास-पंचावन्न किलोंचा. मुलांसाठी वरच्या दोन इयत्ता तयार असताना खालच्या वर्गात त्यांना का बसवून ठेवतील? भारतात त्या वरच्या इयत्ता तेव्हा मोजक्या शाळांच्या आवाक्यातल्या होत्या. लेगोचा संच घेतानाच आमच्या सोसायटीत वर्गणीवरून तीन मीटिंगा झाल्या होत्या, तिथे पन्नास किलोंचा रोबो कोण उभा करणार? मग एकच पायरी असेल तर ती लांबलचक असलेलीच बरी. हा माझा तर्क आहे, पण मला तो पटतो.

पण सोळाच्या त्या मोकळीकीचं प्रत्यक्षात काय होतं, ते सप्टेंबरात कळलं. थोरल्याच्या पुण्याच्या दोस्तांचा फोन आला. त्याने उत्साहाने विचारलं, "सिटी शेपरची मॅट आली का?" म्हणजे त्या हंगामाची टेबलावर पसरायची चटई. पलीकडे शांतता. मग एक जण म्हणाला, "अरे, दहावी." तिघेही नियमात आरामात बसत होते आणि तिघांनीही जूनमध्येच टीम सोडली होती. सकाळी क्लास, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा क्लास. पत्रकावर १६ छापलेलं असलं तरी आपल्याकडे ही स्पर्धा नववीच्या मार्चमध्ये संपते. तो फोन ठेवल्यावर थोरला बराच वेळ गप्प होता. पुण्यात असता तर तोही दहावीतच असता, आणि लेगोचा डबा माळ्यावर ठेवणारी मीच असते. हे त्याला कळलं होतं का, माहीत नाही. मला कळलं होतं.

वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाडचाही विचार करून झाला. ती निराळी स्पर्धा, २०१६ ची तिची जागतिक फेरी दिल्लीत झाली होती तेव्हापासून आमच्या डोळ्यांसमोर होती. तिथे दिवस-महिना बघतच नाहीत, नुसतं जन्मवर्ष. स्पर्धेच्या वर्षात तुम्ही जितके पूर्ण करणार, तितकं तुमचं वय. त्यामुळे डिसेंबरअखेरीस सोळाचा होणारा आमचा मुलगा २०१९ च्या १ जानेवारीपासूनच त्यांच्या लेखी सोळाचा, म्हणजे थेट सीनियर गटात, एकोणीस वर्षांच्या घोड्यांबरोबर! डिसेंबरातल्या पोरांचं कुंडलीतच काहीतरी आहे.

शेवटी तो मेंटर झाला. "टेबलाला हात लावायचा नाही, ही अट मला मान्य आहे," असं त्याने स्वतःच जाहीर केलं. मेंटरने शिकवायला हरकत नसते, पण बांधणं, लिहिणं आणि ठरवणं मुलांनीच करायचं. गॅरेजमध्ये नवऱ्याने लाकडी टेबल ठोकलं, मॅट पसरली, तिचे कोपरे वर वळत होते म्हणून त्यावर डाळीचे डबे ठेवले. आणि हा पंधरा वर्षांचा, मिसरूड फुटलेला मुलगा स्टुलावर बसायचा, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. अक्षरशः. हात मोकळे राहिले की ते आपोआप रोबोकडे जातात, असं तो म्हणायचा.

ऑक्टोबरातली एक संध्याकाळ मला लख्ख आठवते. रोबोने सरळ जाऊन क्रेनपाशी थांबायचं होतं. तो दरवेळी डावीकडे सरकत जायचा. मुलांनी चाकं बदलली, चाकं पुसली, मॅट पुसली. एकाने टेबलच वाकडं आहे असं सांगून नवऱ्याचा अपमान केला. चाळीस मिनिटं झाली. थोरल्याला पहिल्या दोन मिनिटांतच कळलं होतं, कारण पुण्यात त्यांनी याच दुखण्यावर दोन रविवार घालवले होते. मला त्याच्या खांद्यांवरून दिसत होतं, ते कानापर्यंत वर गेले होते. शेवटी तो एवढंच म्हणाला, "स्क्रीनवरचा आकडा कधी बदलतो ते बघा. रोबो चालताना, की उभा असतानाही?"

धाकटी पालथी पडून स्क्रीनला नाक लावून बसली. "दादा! हा नुसता उभा आहे आणि आकडा पळतोय! तीन... चार... पाच..."

तो जायरो सेन्सर होता. रोबो किती अंश वळला ते तो सांगतो. चालू होताना तो स्वतःचं शून्य ठरवतो, आणि त्या क्षणी रोबो जरासा जरी हलला तर शून्य चुकतं. मग उभ्या उभ्या त्याला वाटतं आपण वळतोय, आणि ते न झालेलं वळण सरळ करायला तो खरोखरचा वळतो. उपाय सोपा आहे. सेन्सरची वायर काढून परत लावायची आणि तेव्हा रोबोला कोणी धक्का लावायचा नाही. धाकटीने याचा नियमच केला. वायर लावताना ती ओरडायची, "स्टॅच्यू!" आणि गॅरेजमधली सगळी मुलं जागच्या जागी पुतळे. त्यातली दोन मुलं इथेच जन्मलेली, त्यांना हा खेळ माहीत नव्हता. आठवड्याभरात तेही शाळेत 'स्टॅच्यू' करायला लागले.

डिसेंबरात एका शाळेच्या जिममध्ये आमची फेरी झाली. थोरला त्या दिवशी स्वयंसेवक होता, टीमना वेळेवर टेबलापाशी पोचवायचं काम त्याच्याकडे होतं. आमच्या पहिल्या फेरीआधी धाकटीने सवयीने "स्टॅच्यू!" अशी आरोळी ठोकली. सोबतचा मुलगा थिजला, पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घातलेले पंचही दचकून थिजले, आणि तीन टेबलं सोडून उभा असलेला थोरला हातातल्या पाटीसकट पुतळा झाला. तीन फेऱ्यांतली सर्वांत चांगली धरतात. आमची दुसरी बरी गेली, मधल्या फळीत आलो. पुढच्या फेरीत निवड झाली नाही. रोबोच्या परीक्षकांनी विचारलं, यात मोठ्यांनी काय केलं? धाकटीने सांगितलं, "दादा प्रश्न विचारतो. उत्तर माहीत असलं तरी सांगत नाही. त्याचा आम्हाला खूप राग येतो."

जेवणाच्या सुट्टीत बाकावर माझ्या शेजारी दुसऱ्या एका टीमचे कोच बसले होते. जुने जाणते होते, त्यांची टीम एकदा जागतिक महोत्सवापर्यंत पोचली होती. म्हणाले, तिथे बाहेरच्या देशांच्या टीम येतात तेव्हा जरा अन्याय वाटतो, आमची बारा-तेराची पोरं आणि समोर दाढी-मिशांचे सोळाचे बाप्ये. मी मान डोलावली. मागच्या वर्षीपर्यंत ते मिशांचे बाप्ये आमचे होते हे सांगायचा धीर झाला नाही. त्यांचं म्हणणं खोटं नाहीच. चौदा आणि सोळा यांत नुसत्या उंचीचा नाही, डोक्यात केवढा फरक असतो तो मी घरातच बघत होते. पण आमच्या त्या बाप्यांच्या हाताशी एकच जुना संच होता आणि सराव पार्किंगमध्ये गाड्या काढल्यावरच व्हायचा, हेही खोटं नाही. सगळं कसं मोजायचं? मी सँडविचचा अर्धा भाग त्यांना दिला.

त्या रात्री धाकटीने स्वतःचा हिशेब मांडला. तिचा जन्म ३ जानेवारी २०१० चा. "म्हणजे १ जानेवारी २०२५ ला मी चौदाचीच! दादा, तू दहावीत म्हातारा होतास, मी दहावीत पण वयाने चालेन!" सख्खी भावंडं, दोघांच्या वाढदिवसांत सहा दिवस. थोरल्याने उशी फेकून मारली.

थोरल्याच्या हायस्कूलची मोठ्या रोबोची टीम होती. ४ जानेवारी २०२० ला त्यांचा हंगाम सुरू झाला. सोळा पूर्ण होऊन आठवडा झाला होता. खेळ जाहीर होतानाचं प्रक्षेपण बघायला पहाटेपासून नवा शर्ट घालून तयार. त्या वर्षी रोबोने सात इंचांचे पिवळे फोमचे चेंडू उचलून वर फेकायचे होते. पहिला आठवडाभर त्याला कोणी रोबोजवळ उभं केलं नाही. ड्रिलच्या टेबलाखालचा लोखंडाचा कीस झाडणं आणि मिसळलेले बोल्ट मापाप्रमाणे वेगळे करणं, एवढंच. बारावीची मुलं त्याला "नवा" म्हणून हाक मारत.

दुसऱ्या शुक्रवारी तो रात्री नऊला घरी आला. जेवणाचं ताट वाढून मी हाक मारली तर साहेब अजून मोरीत. जाऊन बघते तर आरशासमोर उभा, साबण लावलेला नाही, दोन्ही हात पुढे धरून नुसता बघतोय. बोटांच्या पेरांपासून मनगटापर्यंत काळं वंगण. "आज चेन बसवली," म्हणाला. "मी बसवली."

आणि मग ते हात त्याने माझ्या पांढऱ्या टॉवेलला पुसले.